इंटरलॉक घेताना दोरे मोजू नका, दाते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी आणि लग्नसराई जवळ आली की आपल्या अंकात शिलाई मशीनच्या जाहिराती वाढतात, आणि हल्ली त्यांत ‘घरगुती इंटरलॉक’ हमखास असते. ‘थ्री थ्रेड’, ‘फोर थ्रेड’ ठळक अक्षरांत, खाली किंमत आणि हप्ता. घेणारी साहजिकच दोरे मोजते: तीनपेक्षा चार बरे, चारपेक्षा पाच बरे. मशीन घरी येते. पहिल्याच टी-शर्टच्या शिवणीला लाटा पडतात, ब्लाउजची माया, म्हणजे पुढे मोठे करण्यासाठी आत सोडलेले कापड, कापली जाते, मशीनच्या आतल्या खालच्या लूपरचा (दोरा विणणाऱ्या हाताचा) दोरा तुटला की पुन्हा ओवता येत नाही, आणि सहा महिन्यांत मशीनवर जुनी चादर पडते. अशा वेळी दोष मशीनचा क्वचितच असतो. दुकानात विचारायचा प्रश्न चुकलेला असतो. पत्र लांबले आहे, पण वाचून दुकानात जाणारीचे पैसे वाचतील म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू. आपल्याकडचे शिंपी ज्याला इंटरलॉक म्हणतात तिला गारमेंटवाले ओव्हरलॉक म्हणतात. कापडाची कड चाकूने कापायची आणि त्याच दमात तिच्यावर दोऱ्यांची जाळी विणायची, एवढेच तिचे काम. टी-शर्टच्या खालच्या दुमडीवर वरून दोन समांतर टिपा दिसतात, ते काम फ्लॅटलॉकचे. साडीचा पिको आणखी वेगळा. ‘एकाच मशीनवर सगळे होते’ असे कुणी सांगितले तर ते तिथल्या तिथे करून दाखवायला सांगा.

या मशीनला बॉबिन नसते. बॉबिनच्या जागी दोन लूपर असतात, म्हणजे आकड्यासारखे वाकवलेले, टोकाजवळ भोक असलेले लोखंडी हात. पुढचे झाकण उघडून हातचाक सावकाश स्वतःकडे फिरवले की सगळा खेळ दिसतो. सुई खाली जाऊन वर यायला लागते तेव्हा तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फुगा होतो. खालचा लूपर डावीकडून येऊन त्या फुग्यात शिरतो. तो उजवीकडे जातो तेव्हा वरचा लूपर त्याचा दोरा उचलून कापडाच्या कडेवरून वर आणतो. सुई पुन्हा खाली येते ती या वरच्या लूपरच्या दोऱ्याला अडकवून. मशीन विकत घेण्याआधी ही फेरी चार वेळा डोळ्यांनी बघावी. पुढे काही बिघडले तर निम्मे उत्तर इथेच सापडते.

आता तीन आणि चार दोऱ्यांचा हिशोब. तीन दोरे म्हणजे एक सुई आणि दोन लूपर. हा टाका कड बांधतो, म्हणजे दशा सुटू देत नाही. शिवण मात्र आधी साध्या मशीनवर टीप मारून घालायची. चार दोऱ्यांत दुसरी सुई वाढते आणि जाळीच्या मधोमध एक जादा टीप पडते. त्यामुळे कड बांधणे आणि शिवण घालणे एकाच फेरीत होते, शिवण ताणली तरी तुटत नाही. टी-शर्ट, लेगिन्स, बाळाची होजिअरीची, म्हणजे ताणणाऱ्या कापडाची, झबली, ट्रॅक पँट यांना हा टाका उत्तम. पाच दोऱ्यांत बाजूला वेगळी साखळी-टीप असते. जीन्स आणि वर्कशॉपच्या कपड्यांना ती लागते, घरी तिचे काम नाही.

पण आपल्या घरांत शिवले काय जाते? ब्लाउज, पंजाबी ड्रेस, परकर, शाळेचे गणवेश. हे सगळे कपडे माया ठेवून शिवायचे. ब्लाउजच्या बगलेखाली दीड-दोन इंच कापड आत सोडलेले असते, ते बाई जाड झाली तर उसवून मोठे करण्यासाठी. मुलीच्या गणवेशातही तेच. चार दोऱ्यांची शिवण घालताना चाकू टाक्याच्या कडेपर्यंत सगळे कापतो आणि शिवणीबाहेर जेमतेम सहा-सात मिलिमीटर उरतात. खणाचा किंवा इरकलीचा ब्लाउज असा शिवला तर तो कायमचा त्याच मापाचा. म्हणून ब्लाउज, ड्रेस, गणवेश यांना साध्या मशीनची टीप आणि मायेच्या कडेवर तीन दोऱ्यांचे इंटरलॉक हीच रीत बरोबर आहे, तीसुद्धा चाकूने फक्त सुटलेल्या दशा, एक-दोन मिलिमीटर, कापल्या जातील इतकेच कापड आत सरकवून. अस्तराच्या ब्लाउजमध्ये बऱ्याच कडा अस्तरात झाकल्या जातात, तिथे इंटरलॉकची गरजही नसते.

म्हणजे केवळ न ताणणारे कापड शिवणारीने चौथ्या दोऱ्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. आणि होजिअरी शिवणारीने फक्त चौथ्या दोऱ्यावर भुलू नये, कारण होजिअरी नीट शिवली जाते ती दोऱ्यांमुळे नव्हे, दात्यांमुळे.

हे दाते म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या प्रेसर फूटखाली कापड पुढे ढकलणारी करवतीसारखी पट्टी. साध्या मशीनमध्ये ती एकच हालचाल करते. डिफरन्शियल फीड असलेल्या मशीनमध्ये पुढचे दाते वेगळे आणि मागचे वेगळे असतात, आणि पुढच्यांचे पाऊल डायल फिरवून कमी-जास्त करता येते. घरगुती मशीनवर हा आकडा बहुधा ०.७ पासून २ पर्यंत असतो. १ वर दोन्ही सारखे चालतात. २ वर पुढचे दाते मागच्यांच्या दुप्पट कापड आत ढकलतात, म्हणून फूटच्या दाबाने ताणले जाणारे होजिअरीचे कापड तिथल्या तिथे गोळा होते आणि शिवणीला लाटा पडत नाहीत. ०.७ वर पुढचे दाते मागच्यांपेक्षा कमी देतात, कापड किंचित ताणून धरले जाते. जॉर्जेट, शिफॉन किंवा पातळ रेशमावर चुण्या येतात त्या इथे जातात. टी-शर्टच्या कापडाला दीडपासून सुरुवात करावी, रिबच्या गळपट्टीला दोनपर्यंत जावे, ब्लाउजच्या टू बाय टूला आणि पॉपलीनला डायल १ वरच ठेवावी. मोठे टाके घेऊन डायल २ वर नेली तर पातळ कापडाला आपोआप हलकी झालरही पडते, मुलींच्या फ्रॉकला उपयोगी.

दुकानात हे तपासायला एक मिनिट पुरते. मशीन बंद ठेवून प्रेसर फूट काढायला सांगा. खाली बघा: दात्यांचा पुढचा आणि मागचा तुकडा वेगळा दिसतो का? डायल २ वर नेऊन हातचाक फिरवा. पुढचा तुकडा मागच्यापेक्षा लांब उडी मारताना डोळ्यांना दिसला पाहिजे. दिसला नाही तर डायल आहे पण आतला दांडा झिजलेला किंवा सैल आहे. काही स्वस्त मशिनींवर ‘डिफरन्शियल’ असे नुसते छापलेले असते, तेही इथेच उघडे पडते.

बाजारात साधारण तीन जाती मिळतात. पहिली, टेबलावर ठेवायची छोटी लोखंडी तीन दोऱ्यांची मशीन, छोट्या मोटरवर चालणारी, सगळ्यांत स्वस्त. तिच्या साध्या मॉडेलांत डिफरन्शियल नसते, चाकू बंद करायची सोय बहुधा नसते, आवाज भरपूर. पण ब्लाउज-ड्रेसच्या कडा बांधायला ती पुरेशी आहे, अंगाने दणकट आहे, आणि तिचे सुटे भाग आपल्या भागात सहज मिळतात. महिन्याला पंधरा-वीस ब्लाउज शिवणाऱ्या बाईला मी डोळे झाकून हीच सांगेन.

दुसरी, चार दोऱ्यांची घरगुती. प्लॅस्टिकचे आवरण, सहा-आठ किलो वजन, मिनिटाला साधारण १,३०० ते १,५०० टाके. एक सुई काढली की तीच तीन दोऱ्यांची होते, म्हणून कडा बांधायलाही चालते. चाकू बाजूला सारता येतो. डिफरन्शियल असते. टाक्याची लांबी १ ते ४ मिलिमीटर. डाव्या सुईवर जाळी रुंद पडते, उजवीवर अरुंद. पातळ दुपट्ट्याची गोल दुमड करायची तर उजवी सुई ठेवून, लांबी दीडच्या आत आणून, खालच्या लूपरचे टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, घट्ट आणि वरच्याचे सैल करायचे, म्हणजे वरचा दोरा कडेला गुंडाळतो. होजिअरी आणि पातळ कापड दोन्ही शिवणाऱ्या घराला ही जात घ्यावी, पण अट तीच, डिफरन्शियल खरे असावे.

तिसरी, कारखान्याची. स्वतंत्र टेबल, तेलाची टाकी, मिनिटाला ५,००० च्या पुढे टाके. घरात खोलीचा एक कोपरा कायमचा जातो. जुनी क्लच मोटर अर्ध्या एचपीची, म्हणजे सुमारे ३७० वॅटची, आणि पाय उचलला तरी ती फिरतच राहते. सर्व्हो मोटर पायडल दाबल्यावरच फिरते, वीजही त्या हिशोबाने लागते. लोडशेडिंगच्या वेळी शंभर-सव्वाशे वॅटची घरगुती मशीन साध्या इन्व्हर्टरवर चालते. अर्ध्या एचपीची क्लच मोटर सुरू होताना जो धक्का देते तो घरच्या इन्व्हर्टरला झेपत नाही. दिवसाला चाळीस-पन्नास कपडे निघत असतील तरच या वाटेला जावे. ज्यांचा शिवणकामाचा व्यवसायच आहे त्यांनी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करावी. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्जाची सोय आहे.

दोऱ्याचा खर्च जाहिरातीत कुणी लिहीत नाही. साध्या मशीनच्या एक मीटर टिपेला वर-खाली मिळून अडीच मीटरच्या आसपास दोरा लागतो. तीन दोऱ्यांच्या इंटरलॉकला एका मीटरला साधारण १४ मीटर आणि चार दोऱ्यांच्या शिवणीला १८ मीटरपर्यंत. ड्रेसच्या बाजू, खांदे, बाह्या, घेर धरून दहा मीटर कड बांधली तर १४० मीटर दोरा गेला. रिळावर हे परवडत नाही, शंकूसारखे मोठे कोनच घ्यावे लागतात. यात सोय एवढीच की सुईला त्या १४ मीटरचा जेमतेम पाचवा हिस्सा जातो, बाकी सगळा दोन लूपरना. कापड ताणल्यावर सुलट्या बाजूने दिसला तर सुईचाच दोरा दिसतो. म्हणून प्रत्येक रंगाचे तीन-चार कोन घेत बसू नये. लूपरना करडा, क्रीम आणि काळा असे तीन जोड कायम ठेवावेत आणि सुईला तेवढा जुळता रंग लावावा. करडा दोरा जवळजवळ सगळ्या मध्यम रंगांत मिसळून जातो. कोन घेताना दोन हातांनी एक वितभर दोरा ताणून बघा, आणि उजेडात धरून त्यावर गाठी, फुगवटे, लव दिसते का ते पाहा. गुठळीचा दोरा लूपरच्या भोकात अडकतो आणि मग लोक टेन्शनला दोष देतात.

दुकानात जाताना स्वतःचे कापड घेऊन जा. दुकानदार दाखवतो ते कडक, दुहेरी, गुळगुळीत कापड. त्यावर कुठलीही मशीन सुरेख टाका देते. पिशवीत चार तुकडे हवेत: ब्लाउजचे टू बाय टू, जॉर्जेट, जुन्या टी-शर्टचा आडवा कापलेला तुकडा, आणि जीन्सची शिवण आडवी येईल असा चार पदरी तुकडा. मशीनवर प्रत्येक दोरा वेगळ्या रंगाचा लावायला सांगा, निदान दोन लूपर आणि सुई तरी. समजा वरचा लूपर निळा, खालचा लाल, सुई पांढरी. बरोबर टाक्यात निळा दोरा वरच्या बाजूला राहतो, लाल खालच्या बाजूला, आणि दोघे कापडाच्या अगदी कडेवर एकमेकांना भेटतात. निळा कडेवरून खाली वळून दिसायला लागला तर वरचा लूपर सैल आहे किंवा खालचा घट्ट. लाल वर चढला तर उलटे. खालच्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याची ढिली फांदी दिसली तर सुईचे टेन्शन सैल. जाळी कडेच्या बाहेर लोंबत असेल तर दोन्ही लूपर सैल आहेत किंवा चाकू गरजेपेक्षा जास्त कापतो आहे. कापडाची कड जाळीत गुंडाळली जात असेल तर लूपर घट्ट आहेत किंवा चाकू कमी कापतो आहे. टेन्शनच्या बहुतेक डायल ० ते ९ असतात आणि सुरुवात ४ वरून करायची. एका वेळी एकच डायल, तीही अर्ध्या घराने. दोन डायल एकदम फिरवल्या की काय कशाने सुधारले ते कळत नाही.

रंगांची ही युक्ती मशीन घरी आल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावी. टेन्शनचे गणित त्याशिवाय हाताला बसत नाही.

दुकानदाराने ओवून दिलेली मशीन तशीच घरी नेऊ नका. सगळे दोरे काढायला सांगा आणि स्वतः ओवा. आधी वरचा लूपर, मग खालचा, शेवटी सुया. हा क्रम सोडला की मशीन चार टाके घेते आणि दोरा तुटतो, पुन्हा ओवला की पुन्हा तुटतो. कारण साधे आहे: सुयांचे दोरे आधी ओवलेले असतील तर ते खालच्या लूपरच्या भोवती आडवे राहतात आणि लूपरचा दोरा त्यांच्याखाली अडकतो. म्हणून खालच्या लूपरचा दोरा तुटला तर सुयांचे दोरेही सुयांतून ओढून काढायचे, लूपर ओवायचा, मग सुया. ‘फक्त तुटलेला तेवढा’ ओवण्याचा आळस इथे चालत नाही. खालच्या लूपरची वाट आत खोल असते, लांब चिमट्याशिवाय हात पोचत नाही. काही घरगुती मशिनींत तो लूपर एका खटक्याने बाहेर सरकतो, ती सोय असेल तर तिच्यासाठी थोडे जास्त मोजावेत. रंग बदलताना मात्र ओवण्याची गरज नसते. जुना दोरा कोनापाशी कापा, नव्याची गाठ मारा, प्रेसर फूट उचला किंवा टेन्शन शून्यावर आणा आणि दोरे एकेक करून ओढून घ्या. सुईच्या दोऱ्याची गाठ सुईच्या भोकातून जात नाही, ती भोकाच्या आधीच कापून टोक हाताने ओवायचे.

सुईचा प्रश्न मॉडेल निवडतानाच विचारावा. बऱ्याच घरगुती इंटरलॉकना नेहमीच्या शिलाई मशीनचीच चपट्या बाजूची सुई चालते, म्हणजे कापडपेठेत कुठेही मिळणारी. काहींना वेगळ्या जातीची लागते आणि ती दर वेळी पुण्याहून मागवावी लागली तर मशीन महिनाभर बसून राहते. कारखान्याच्या मशीनला गोल दांड्याची, बहुधा डीसी×२७ जातीची सुई असते. तिला चपटी बाजू नसल्यामुळे लांब खाच समोर आहे का ते बघूनच बसवावी लागते. टाके सुटणे ही या मशीनची सर्वांत मोठी तक्रार, आणि तिचे कारण दहातल्या आठ वेळा सुई असते: वाकलेली, बोथट झालेली, किंवा पूर्ण वरपर्यंत न सरकवलेली. मिलिमीटरभर खाली राहिलेली सुईसुद्धा लूपरला फुगा देत नाही. टू बाय टू, जॉर्जेटला ११ नंबर, जीन्सला १४, होजिअरीला बॉल पॉइंट, म्हणजे गोलसर टोकाची. शिवणकाम सात-आठ तास झाले की सुई बदलावी, तुटण्याची वाट बघू नये.

टाचणी हा चाकूचा शत्रू. साध्या मशीनवर टाचण्यांवरून टीप मारायची सवय असते. इथे टाचणी चाकूखाली आली की धारेला खाच पडते, आणि मग प्रत्येक शिवणीवर त्याच जागी कडेला एक न कापलेला धागा राहतो. टाचण्या लावायच्याच तर कडेपासून दोन इंच आत, कडेला समांतर. खालचा स्थिर चाकू बहुतेक घरगुती मशिनींत वरच्यापेक्षा मऊ असतो आणि आधी बोथट होतो. तो स्वस्त आहे, पण मिळतो का ते विचारा. मशीनबरोबर एक सुटा खालचा चाकू घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

शिवण संपली की कापडाबाहेर दोऱ्यांची आठ-दहा सेंटीमीटर शेपटी काढावी आणि मोठ्या डोळ्याच्या बोथट सुईने ती जाळीत परत ओवून टाकावी. कडेला लागून कापलेली शेपटी दोन धुण्यांत सुटते. बाळाच्या कपड्यांत तर ती कापलेली टोके मानेला टोचतात.

तेलाबद्दल एक ओळ पुरे झाली असती, पण चूक इतकी सर्रास होते की थोडे लिहिते. खोबरेल, शेंगदाण्याचे, एरंडेल तेल या मशीनला घालू नये. ते हवेत चिकट होते, कापडाच्या लवेबरोबर त्याचा लगदा बनतो, आणि खोबरेल तर साताऱ्याच्या थंडीत बाटलीतच गोठते, मशीनमध्ये काय करेल? शिलाई मशीनचे पांढरे तेल, लूपरच्या दांड्यावर एकेक थेंब. त्याआधी झाकण उघडून ब्रशने लव काढायची. एका ड्रेसमागे चाकूखाली मूठभर कतरण साचते. ती तोंडाने फुंकू नये, फुंकरीतली ओल लूपरला गंज आणते.

अमेरिकेतल्या मुलीने किंवा भाच्याने येताना मशीन आणली असे आता वरचेवर ऐकू येते. तिकडची वीज ११०-१२० व्होल्टची. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला ती लावली की पायाचा कंट्रोल आणि मोटर पहिल्या मिनिटालाच जळते. मागची पाटी वाचा. फक्त १२० लिहिले असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा, पाटीवरच्या वॅटच्या निदान दुप्पट क्षमतेचा. जपानच्या आतल्या बाजारासाठी बनलेली मशीन १०० व्होल्टची असते, तिला वेगळा ट्रान्सफॉर्मर. शिवाय अशा मशीनची वॉरंटी इथे कुणी धरत नाही, तेव्हा फुकटातली म्हणून घेताना सुई आणि चाकू इथे मिळतात का ते आधी बघावे.

नव्या मशीनच्या बिलाचे बघा: शिलाई मशीनवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. वॉरंटी कार्डावर सर्व्हिस कुठून मिळणार ते लिहून घ्या, आणि लूपरचे टायमिंग, म्हणजे सुई आणि लूपर यांच्या भेटीची नेमकी वेळ, लावणारा कारागीर सांगली-मिरजेत कोण आहे ते दुकानदारालाच विचारा. काळ्या पायमशीनचे मेकॅनिक पुष्कळ आहेत, टायमिंग लावणारे मोजके.

शेवटी जुन्या मशिनी. गारमेंट युनिटांतून निघालेल्या चांगल्या मशिनी आपल्याकडे विकायला येतात आणि घ्यायला हरकत नाही. दोरा न लावता हातचाक पूर्ण फिरवा, कुठेही अडकता कामा नये. सुईचा दांडा बोटांत धरून वर-खाली, डावी-उजवी हलवा. खुळखुळला तर टाके सुटणार. लूपरच्या टोकावरून नख फिरवा, नखाला ओरखडा लागला तर तो टोकाचा काटा प्रत्येक दोरा फाडणार. सुईच्या पट्टीवरच्या भोकाभोवती सुया आपटल्याच्या खुणा किती आहेत ते बघा. पण सांगली, मिरज, पलूस, वाळव्याकडे एक जादा तपासणी लागते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत कृष्णा-वारणेच्या पुरात कितीतरी दुकाने आणि घरे पाण्याखाली होती, आणि त्यांतल्या मशिनी धुऊन, रंग मारून अजून फिरत असतात. वरचा रंग बघू नका. मशीन उलटी करून तळाची पट्टी उघडायला सांगा. स्क्रूच्या खाचांत लालसर गंज, दांड्यांच्या बेअरिंगभोवती बारीक करडा गाळ, मोटरच्या तारांच्या टोकांना हिरवट गंज, यांतले एक जरी दिसले तरी ती मशीन पाण्यात होती असा संशय धरा. दात्यांच्या खालच्या खोबणीत कापूस गुंडाळलेली काडी फिरवा. काळे तेल आणि लव आली तर चालेल. माती आली तर भाव न करता परत फिरा.

कळावे.

एक शिवणशिक्षिका,
विश्रामबाग, सांगली